शेपटाचा हिशेब

माणसाला एखादा निरुपयोगी छंद असावा, असे मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. पोस्टाची तिकिटे जमवावीत, बासरी फुंकावी, नाही तर रंकाळ्याच्या काठी बसून पाखरे मोजावीत. पण पंचेचाळिशी गाठलेल्या, मॅट्रिकच्या गणितापाशीच थांबलेल्या आणि शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराने संगणकाचा खेळ रचावयास बसावे, हे आमच्या गल्लीला काही रुचले नाही. "कादंबरी अर्धी टाकून मास्तर साप पाळाय लागलाय," अशी वार्ता दोनच दिवसांत कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपर्यंत पोहोचली.

वार्ता मात्र खरी होती. साप म्हणजे तोच, वाचकहो, जो एके काळी तुमच्या-आमच्या बटणांच्या फोनमध्ये राहत असे. त्याचे कूळ जुने आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या ग्रेमलिन कंपनीने 'ब्लॉकेड' नावाचा खेळ काढला. त्यात दोघे खेळाडू आपल्यामागे भिंत उभारीत धावत आणि जो भिंतीवर आदळेल तो हरे. पुढे १९९७ मध्ये फिनलंडच्या नोकिया कंपनीतील तानेली अर्मांतो या अभियंत्याने त्याच कल्पनेतला साप ६११० या फोनात आणून बसविला. त्या फोनचा पडदा ८४ ठिपके रुंद आणि ४८ ठिपके उंच. एवढ्याशा अंगणात त्या सापाने साऱ्या जगाला खेळविले.

आमच्या घरी त्याचे खरे भक्त म्हणजे आबा, माझे वडील. पंचवीस वर्षे त्यांनी एस.टी. चालविली, त्यातली बरीचशी आंबा घाटातून रत्नागिरीच्या वाटेवर. निवृत्तीनंतर त्यांच्या हातात एक जुना फोन आला आणि त्यात साप. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. तेव्हापासून ते डाव्या अंगठ्याने खेळत. मग त्या फोनच्या कळा झिजल्या, तो कायमचा बंद पडला आणि तसा दुसरा कुठे मिळेना. नव्या गुळगुळीत फोनवर त्यांचे बोट ठरत नसे. डॉक्टरांनी हाताला व्यायाम म्हणून रबरी चेंडू दिला होता. तो पलंगाखाली गेला. आबा भिंतीकडे तोंड करून पडू लागले. काही विचारले तर "असू दे," एवढेच म्हणत. हा "असू दे" मला सोसवेना.

नसलेली वस्तू नमुना पाहून स्वतः घडवावी, ही या गावाची जुनी खोड आहे. आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री या भावांनी सिनेमा पाहून आपला स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. पण बाबूरावांनी, ज्यांना सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्यापुढे माझा साप म्हणजे गांडूळच. तरी उन्हाळ्याच्या सुटीत मी पायथॉन नावाची संगणकाची भाषा शिकलो. पायथॉन म्हणजे अजगर खरा, पण या भाषेचे नाव ठेवले आहे एका ब्रिटिश विनोदी नाटकमंडळीवरून. विनोदी मंडळींचा वरदहस्त असलेले शास्त्र मराठीच्या मास्तराला फारसे परके वाटले नाही.

खेळ रचताना पहिले नवल कळले ते असे, की साप सरपटतच नाही. आपण पट आखतो. मी वीस आडवी आणि बारा उभी, म्हणजे २४० घरे आखली. सापाचे अंग म्हणजे त्यांतल्या काही घरांची एक यादी. दर ठोक्याला तोंडापुढचे एक घर यादीत चढवायचे आणि शेपटाकडचे एक पुसून टाकायचे. मधले सारे अंग जागच्या जागी असते. डोळ्यांना मात्र साप चालल्याचा भास होतो. त्याने फळ खाल्ले, की त्या ठोक्याला शेपूट पुसायचे नाही. झाले, साप एका घराने वाढला!

येथवर आलो आणि एका प्रश्नापाशी अडलो. शेपूट ज्या घरातून आता निघणार, त्याच घरात त्याच ठोक्याला तोंडाने शिरावे की नाही? शिरू दिले तर चालेल, मारले तरी चालेल. नियम ठरविणे माझ्याच हाती होते. मी पाटीवर घरे आखली आणि आबांच्या उशाशी जाऊन विचारले.

बराच वेळ ते पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मागचं चाक निघालं, की ती जागा मोकळी. घाटात वळण घेताना आम्ही काय करतो? पुढचं टोक कुणीबी वळवतंय. शेपूट कुठनं येतंय, त्याचा हिशेब ज्याला जमला तो ड्रायव्हर. शिरू दे त्याला."

मी शिरू दिले. आणि त्या रात्री आबांनीच मला हाक मारून विचारले, "साप उजवीकडं निघालाय आणि डावीकडची कळ दाबली, तर काय करणार?" तसे केले तर साप आपलीच मान चावतो, असे मी सांगितले. "मग ती कळ ऐकायचीच नाही," आबांनी निकाल दिला. तोही नियम झाला.

कळांसाठी मी संगणकाला जोडायची आकड्यांची छोटी पाटी आणली. पण फोनवर दोन वर आणि आठ खाली, तर या पाटीवर आठ वर आणि दोन खाली! आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या कॅलेंडरातले आकडे कापून त्या कळांवर फोनच्या क्रमाने चिकटविले. माझ्या साऱ्या प्रकल्पातले ते सर्वांत सुबक काम.

राहिला वेग. दोन ठोक्यांमधले अंतर लहान केले की साप पळतो, मोठे केले की रेंगाळतो. आबांच्या बोटांचा विचार करून, कुणाला न सांगता, मी ते सेकंदाचे चाळीस शतांश ठेवले. आबा उशीला टेकून बसले. डावा अंगठा कळांवर ठेवला. सापाने चार फळे खाल्ली, पाचवे खाल्ले. मग भिंतीपाशी वळण घेऊन त्यांनी माझ्याकडे तिरप्या नजरेने पाहिले.

"हा साप आजारी हाय काय रे?"

मी गप्प राहिलो.

"माझ्यासाठी हळू केलास, व्हय? जरा ॲक्सिलेटर दे की!"

पुष्कळ महिन्यांनी आबांनी माझ्याकडे काही मागितले होते. मी चाळिसाचे पस्तीस केले. साप आदळला. त्यांनी त्याला एक अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली आणि पुन्हा सुरुवात केली.

उजवा हात अजून तसाच आहे आणि रबरी चेंडू अजून पलंगाखालीच आहे. मात्र संध्याकाळी शाळेतून आलो, की आजचा आकडा मला ऐकावा लागतो. काल साप एकोणतीस घरांचा झाला होता. दिवाळीच्या पाहुण्यांपुढे तो तिसाच्या वर न्यायचा, असा आबांचा बेत आहे. आणि त्याआधी पस्तिसाचे तीस करून ठेवावे, असा मला हुकूम आहे.