शेगाव कितव्या पातळीवर?

नवशिक्यांसाठी लिहिलेल्या एचटीएमएलच्या बहुतेक नोट्समध्ये हेडिंगच्या पानावर एकाखाली एक सहा ओळी असतात. पहिली चांगली दांडगी, दुसरी जरा लहान, आणि सहावी इतकी बारीक की खालचा साधा मजकूरही तिच्यापेक्षा मोठा दिसावा. एच-वन ते एच-सिक्स झाले, पाठ संपला. बुलढाण्यात संगणकाचे वर्ग घेणाऱ्या एका सरांचा सगळा राग या सहा ओळींवर आहे. त्या पाहून मुलं एकच गोष्ट शिकतात, की हेडिंग म्हणजे अक्षराचं माप. मग मनाजोगतं माप दिसेपर्यंत ती आकडा बदलत बसतात.

म्हणून सर पहिला सराव देतात तो जिल्ह्याचा, आणि तोही आधी कागदावर. या जिल्ह्यात कुणी गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचं की घाटाखालचं? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्हा दुभागला आहे. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. असे १३ तालुके. जिल्ह्याचं नाव एच-वन, घाटावर आणि घाटाखाली हे दोन एच-टू, प्रत्येक तालुका एच-थ्री. लोणारमध्ये सरोवर आणि दैत्यसूदन मंदिर यांच्याबद्दल वेगवेगळं लिहायचं असेल, तर ते एच-फोर.

एवढं सोपं असूनही जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी शेगावला एच-वन देतंच.

"सर, महाराजांचं शेगाव आन् बाकीचे तालुके एकाच मापात कसे लिवायचे?" मुलगा अगदी मनापासून विचारतो. लगेच मागच्या बाकावरून सिंदखेड राजाची मुलगी म्हणते, मग जिजाऊंचं जन्मगावही मोठंच पाहिजे. सर हा प्रश्न हसण्यावारी नेत नाहीत. आदर दाखवायला सीएसएस आहे, ते सांगतात. शेगावला भगवा रंग द्या, अक्षर वाढवा, भोवती चौकट काढा. एच-पुढचा आकडा मात्र मानपानाचा नाही. कोण कुणाच्या पोटात येतं, तेवढंच त्यानं सांगायचं.

सरांच्या मनात हा विचार संगणकाच्या कितीतरी आधीपासून रुजलेला आहे. लहानपणी घरी आजोबा दासबोध वाचायचे. २० दशक, दशकाला १० समास, आणि प्रत्येक समासाला स्वतःचं नाव. कालचं वाचन कुठे थांबलं हे आजोबा दशक आणि समास सांगून दाखवायचे. पानाचा आकडा त्यांना लागायचा नाही आणि पोथी बदलली तरी अडायचं नाही. पुढे शाळेत धड्याचं नाव लाल शाईनं लिहून खाली दोन रेघा मारायची सवय लागली. दहावीनंतर टायपिंगच्या क्लासमध्ये मथळा मधोमध आणायची युक्ती हाती आली: अक्षरं आणि मोकळ्या जागा मोजायच्या, निम्म्या करायच्या, ओळीच्या मध्यावरून तेवढं मागं सरायचं आणि मग टंकायला सुरुवात करायची. त्या मेहनतीनं कागद देखणा व्हायचा. पण ही ओळ मथळा आहे, हे यंत्राला कळण्याची सोयच नव्हती. वाचणाऱ्याचे डोळे ते ओळखायचे.

एचटीएमएलनं नेमकी तीच सोय केली. सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या अखेरीस खुणांची जी पहिली यादी जाहीर केली, तीत हेडिंगच्या सहाही पातळ्या होत्या. सर्नमध्ये कागदपत्रांसाठी एसजीएमएलच्या खुणा आधीपासून वापरात होत्या, तिथूनच त्या उचलल्या. पातळी लिहिणाऱ्यानं ठरवायची, दिसायचं कसं ते ब्राउझरवर सोडायचं, अशी ती वाटणी होती. सहा ओळींच्या त्या पानानं ही वाटणीच झाकून टाकली आहे, असं सरांचं ठाम मत आहे, आणि ते पटतं.

त्यांच्या वर्गात सगळ्यात जास्त शिकवून जातो तो हेडफोन. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्राम, मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, पुढे जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. त्यासोबत येणारा ईस्पीकचा आवाज मराठीही वाचतो, जरा यांत्रिक पण समजण्याजोगी. वेबपान उघडून एच ही कळ दाबली की पुढचं हेडिंग, २ दाबलं की दुसऱ्या पातळीचं पुढचं हेडिंग. सर मॉनिटर बंद करायला लावतात आणि म्हणतात, आता आपापल्या पानावर संग्रामपूर शोधा.

ज्यांनी नुसती अक्षरं ठळक आणि मोठी केलेली असतात, त्यांना पुढे हेडिंग नाही एवढंच ऐकू येतं. पान भरलेलं, पण आत शिरायला दार नाही. शेगावला एच-वन देणाऱ्या मुलाची अडचण जास्त बोलकी असते. घाटाखाली, पातळी दोन. खामगाव, पातळी तीन. शेगाव, पातळी एक. जळगाव जामोद, पातळी तीन. संग्रामपूर, पातळी तीन. ऐकणाऱ्याच्या लेखी जिल्ह्याचं पान तिथे संपलं, शेगावचं सुरू झालं, आणि जळगाव जामोद नि संग्रामपूर हे दोन अख्खे तालुके शेगावात जमा झाले. मुलाला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. तो स्वतःच मॉनिटर चालू करतो आणि आकडा बदलतो.

हे फक्त वर्गापुरतं नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी वेळोवेळी करते. लांबलचक पानावर हवी ती माहिती कशी शोधता, या प्रश्नावर हेडिंगवरून हेच उत्तर तिथे सर्वाधिक लोक देत आले आहेत.

सरांनी अलीकडे आपल्या नोट्समधून आणखी एक वाक्य काढून टाकलं. प्रत्येक सेक्शनमध्ये नव्यानं एच-वन दिला तरी चालतो, ब्राउझर पातळी आपोआप लावून घेईल, असं एचटीएमएल-फाइव्हच्या काळात शिकवलं जायचं. ब्राउझरांनी ती पद्धत कधी पुरती अमलात आणलीच नाही आणि २०२२ मध्ये ती मानकातूनही वगळली गेली. जुन्या पुस्तकांत आणि झेरॉक्स नोट्समध्ये ते वाक्य अजून फिरतं आहे. त्यामुळे बॅच सुरू झाली की सर आधी मुलांनी आणलेल्या नोट्स मागून घेतात, ते वाक्य पेन्सिलीनं खोडतात आणि समासात लिहून देतात: पातळी आपणच लावायची.