खटका आणि वायर

दादर स्टेशनबाहेर डबेवाल्यांच्या ज्या काळ्या सायकली उभ्या असतात, त्यांच्या ब्रेकला वायर नसते. हँडलखालची दांडी दाबली की लोखंडी सळई वर खेचली जाते आणि ब्रेकचे रबर रिमला आतून चिकटतात. वरळीच्या हिंद सायकल्सच्या जमान्यापासूनची ही रचना. बिघडलं तर कुठे बिघडलं ते उभ्या उभ्या दिसतं.

परळच्या माझ्या दुकानात हल्ली रोड बाइक जास्त येतात आणि त्यांचा सगळा कारभार झाकलेला असतो. रबरी आवरणाखाली एकाच लिव्हरमध्ये ब्रेकही आणि गिअरही. तक्रार ठरलेली: "दादा, शिफ्टर गेला. नवा केवढ्याला पडेल?" मी आधी वायर बाहेर काढतो. बहुतेक वेळा शिफ्टर ठणठणीत असतो.

पूर्वी गिअरचे लिव्हर फ्रेमच्या खालच्या नळीवर असत. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ज्या बोरघाटात ठरतो, तिथे गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढून खाली न्यावा लागे. साखळी नेमकी बसली की नाही, हे कानाने ओळखायचं. १९८४ मध्ये शिमानो कंपनीने त्यात ठरावीक मापाचे खटके आणले आणि १९९० मध्ये ते खटके थेट ब्रेकच्या लिव्हरमध्ये नेले. १९९२ मध्ये कॅम्पाग्नोलोने आपली तऱ्हा काढली, २००६ मध्ये स्रॅमने.

शिमानोत ब्रेकचा लिव्हरच आतल्या बाजूला ढकलला की मागची साखळी मोठ्या चक्रावर चढते. त्यामागची छोटी पट्टी दाबली की उतरते. कॅम्पाग्नोलोत ब्रेकचा लिव्हर फक्त ब्रेकचा. चढवायला मागची पट्टी, उतरवायला अंगठ्याजवळचं बटण. स्रॅममध्ये पट्टी एकच, थोडी ढकलली तर उतरते, लांबवर ढकलली तर चढते.

आतलं तत्त्व मात्र तिघांचं एकच. दातेरी चकती वायर गुंडाळते आणि खटका दात्यात अडकून तिला धरून ठेवतो. खटका सुटला की वायर एक पायरी ढिली होते आणि पुढचं काम साखळी सरकवणाऱ्या डिरेलरची स्प्रिंग करते. म्हणजे लिव्हर वायर फक्त मोजून ओढतो किंवा मोजून सोडतो. शिमानोच्या जुन्या दहा गिअरच्या सेटमध्ये एका खटक्याला वायर साधारण २.३ मिलिमीटर सरकते. डिरेलर त्याचं १.७ पट करतो आणि साखळी चारेक मिलिमीटर हलते. आता वायरच्या बाहेरच्या नळीत, म्हणजे आऊटरमध्ये, गंज धरून वायर एक मिलिमीटर जरी अडली, तरी साखळी दोन चक्रांच्या मध्ये कडकडत राहते.

आणि गंज धरायला आपल्या मुंबईत काय लागतं? गिरगाव चौपाटीची खारी हवा, हिंदमाताचं तुंबलेलं पाणी, वर घाम. पहाटे वाळकेश्वरचा चढ लागला की गिअर दगा देतो, तो यामुळे. बिघाडाची दुसरी जागा लिव्हरच्या पोटातली. वायर तिथे लहानशा वळणात दर खटक्याला वाकते आणि डोक्याजवळ तिचे तंतू एकेक करून तुटतात. टॉर्च मारून पाहिलं की विस्कटलेला झुपका दिसतो. याच टप्प्यावर बदलली तर वायर सहज निघते. पूर्ण तुटेपर्यंत थांबलात, तर डोकं आणि तंतू दात्यांत अडकतात आणि चिमट्याने एकेक तंतू उपसावा लागतो.

आऊटरच्या बाबतीत मात्र काटकसर नको. गिअरच्या आऊटरमधल्या तारा उभ्या असतात, म्हणून ते दबत नाही आणि माप चुकत नाही. ब्रेकच्या आऊटरमधली तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती ब्रेकचा जोर सोसते. गिअरचं उरलेलं आऊटर ब्रेकला लावलं, तर जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं. परळच्या पुलाच्या उतारावर ते परवडणारं नाही.

दसऱ्याला सायकलला झेंडूचा हार आपण घालतोच. त्याच आठवड्यात मागच्या गिअरची वायर आणि आऊटर बदलून घ्यावं, कारण तोवर पावसाचं पाणी आत मुरलेलं असतं. यंदा राहिलं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत करा. खर्च शेकड्यांत भागतो, नवा शिफ्टर हजारांत जातो. आणि मेकॅनिकने वायर न काढताच नवा शिफ्टर सुचवला, तर आधी जुनी वायर हातात द्या म्हणावं.