शेऱ्याचा रकाना

वैमानिकाची नोंदवही मी पहिल्यांदा हाती घेतली ती मागच्या हिवाळ्यात, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी ताईकडे मुक्कामाला असताना. वही तिच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची. तिकडे तिला लॉगबुक म्हणतात. तारीख, विमानाचा प्रकार, कुठून, कुठे, एकूण तास, त्यांपैकी रात्रीचे किती, केवळ उपकरणांवर विसंबून उडवलेले किती, असे उभे रकाने आणि सर्वांत शेवटी शेऱ्याचा रकाना. आपल्या हजेरीपटाची आठवण व्हावी अशी एकूण रचना. तास दशांशात लिहिलेले: १.४, २.१, ०.९. पानामागून पाने भरलेली, आणि शेऱ्याचा रकाना मात्र बहुतेक ठिकाणी कोरा. साहित्याच्या शिक्षकाला अशा वहीत कोरा रकानाच आधी दिसतो, ही एक खोडच म्हणायची.

भाची तिथेच जन्मली, तिथेच वाढली. पदवी हाती आल्यावर तिने विमान चालवायला शिकायचे ठरवले आणि भाऊजींनी राहत्या घरावर कर्ज काढले. अमेरिकेत हा मार्ग तासांनी मोजतात. किमान ४० तासांवर खाजगी परवाना मिळू शकतो, साधारण २५० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो. परंतु एअरलाइनमध्ये को-पायलट म्हणून बसायचे तरी सर्वसाधारणपणे १५०० तास लागतात. ही अट २०१३ साली लागू झाली. तिच्यामागे फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ झालेला अपघात होता. त्यात पन्नास माणसे गेली. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांच्या नावावर १५०० पेक्षा बरेच अधिक तास जमा होते, हे मला नंतर कळले आणि तासांच्या त्या हिशेबाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

२५० आणि १५०० यांच्यामधली दरी ज्याने त्याने आपापल्या परीने ओलांडायची. बहुतेक जण नवशिक्यांना शिकवतात. भाचीने दोन वर्षे तेच केले. मग एका छोट्या चार्टर कंपनीत लहान जेटवर को-पायलटची जागा मिळाली, कारण मागणीनुसार भाड्याने उडणाऱ्या विमानांत को-पायलटला १५०० तासांची अट नाही. तिथे कॅप्टनला हवामान पाहावे लागते, तसेच गिऱ्हाइकाच्या बॅगाही उचलाव्या लागतात. को-पायलट कॉफी भरतो, बर्फ आणतो, प्रवासी उतरल्यावर आसने पुसतो. एअरलाइनच्या वैमानिकाला प्रवाशांचे चेहरेही दिसत नाहीत. मध्ये बंद दार असते, आणि उड्डाण करायचे की नाही या निर्णयात जमिनीवरचा डिस्पॅचरही कायद्याने भागीदार असतो. चार्टरच्या विमानात गिऱ्हाईक वैमानिकाला नावाने हाक मारते. त्या जवळिकीचा मोबदला काय द्यावा लागतो, ते पुढे येईलच.

याच धंद्याची तिसरी तऱ्हा म्हणजे अंशमालकी. विमानाचा सोळावा हिस्सा विकत घ्यायचा आणि वर्षाला साधारण ५० तास वापरायचा. ही कल्पना १९८६ साली मूर्त रूपात आली ती कोलंबसशी जोडलेल्या कंपनीतूनच. एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन या नावाने ती १९६४ मध्ये स्थापन झाली होती आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत हवाई दलातले निवृत्त अधिकारी होते. हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या विमानाचा वैमानिक पॉल टिबेट्स १९७६ पासून काही वर्षे तिचा अध्यक्ष होता. याच शहरात २००७ साली तो वारला. आज्ञा पाळणे हाच ज्यांच्या घडणीचा पाया होता, अशा माणसांचा हात या धंद्याच्या उभारणीला लागला आहे, हे ऐकून मी थोडा वेळ गप्प राहिले.

मी गेले तेव्हा भाचीचे १५०० तास नुकतेच पुरे झाले होते आणि घरात तोच विषय होता. भाऊजींच्या मनात एअरलाइन पक्की होती. तिथे रुजू झाल्याच्या तारखेवरून सेवाज्येष्ठतेचा क्रमांक मिळतो आणि पुढे विमान कोणते, मुक्काम कोणता, दिवाळीला सुट्टी की नाही, सारे त्या क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की पुन्हा रांगेच्या शेवटी. "म्हणून जितक्या लवकर शिरशील तितकं चांगलं," असे त्यांचे म्हणणे, आणि ज्याचे घर गहाण आहे त्याने असे म्हणावे हे रास्तच होते. भाचीला अंशमालकीच्या कंपनीत जायचे होते. सात दिवस काम, सात दिवस घरी, अशी पाळी तिथे बरीच रूढ आहे. वर्षभरात अनेक नवे विमानतळ, रोज वेगळी दिशा. त्या कंपनीकडून तिला मुलाखतीचे बोलावणेही आले होते.

या मुलाखतीत गोष्ट सांगावी लागते, हे ऐकून मला नवल वाटले. 'तुम्ही वरिष्ठांशी असहमत झालात असा एक प्रसंग सांगा', 'तुम्ही सुरक्षिततेसाठी ठाम राहिलात असा प्रसंग सांगा', असे प्रश्न येतात म्हणे. "मावशी, तू आयुष्यभर गोष्टी शिकवल्यास ना? मग माझी ऐक आणि सुधारून दे," असे म्हणून ती एका संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली.

गोष्ट चांगली होती. उन्हाळ्यात वादळाची रांग पुढे असताना कॅप्टन निघायच्या विचारात होता, हिने रडारचे चित्र दाखवून थांबायला सुचवले, तो थांबला. गिऱ्हाईक चिडले आणि दुसऱ्या कंपनीकडे गेले. मी शिक्षकाच्या सवयीने कामाला लागले. सुरुवात आटोपशीर केली, गिऱ्हाइकाचे चिडणे जरा आधी आणले, शेवटी एक वाक्य घातले. तिने ती तीनदा म्हणून दाखवली. तिसऱ्या वेळी ती इतकी गुळगुळीत झाली की आम्ही दोघीही हसलो.

मग सहज विचारले, "या दिवसाची नोंद वहीत कुठे आहे?" ती म्हणाली, "नाही. उडालोच नाही ना. शून्य तास."

ही गोष्ट माझ्या लक्षात तोवर आली नव्हती. जो वैमानिक तास जमवतो आहे, त्याला प्रत्येक नकार तोट्यात जातो. आणि त्या नकाराचा पुरावा कुठेही उरत नाही. साहित्यातही फारसे वेगळे नाही. सेंतेक्झुपेरीची 'नाइट फ्लाइट' (१९३१) मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. टपाल रात्रीही गेलेच पाहिजे या हट्टातली भव्यता मी मुलांना समजावत आले. हवामान पाहून विमान जमिनीवरच ठेवणाऱ्या माणसावर कोण कादंबरी लिहील?

दुसऱ्या दिवशी भाचीने मला एक अहवाल वाचायला दिला. २९ मार्च २००१ रोजी लॉस एंजेलिसहून अ‍ॅस्पेनला निघालेले चार्टर जेट डोंगरात कोसळले आणि त्यातले अठराही जण गेले, त्या अपघाताचा. अंधार पडल्यावर तिथे उतरायला निर्बंध होता, निघायलाच उशीर झाला होता, बर्फ पडत होता, आधी आलेली काही विमाने धावपट्टी न दिसल्याने वर निघून गेली होती. धावपट्टी दिसली नसतानाही वैमानिक ठरलेल्या उंचीखाली आले, हे मुख्य कारण. त्याला हातभार लावणाऱ्या बाबींत चौकशी मंडळाने गिऱ्हाइकाकडून कॅप्टनवर आलेला दबावही नोंदवला आहे. दुसरीकडे जावे लागेल हे कळताच गिऱ्हाईक संतापले होते. अहवालाची भाषा कोरडी आहे. विशेषण जवळजवळ नाही. मला ते वाचताना मध्येच उठून पाणी प्यावे लागले.

"हा का दिलास?" मी विचारले. त्यावर तिने वही उघडून एका ओळीवर बोट ठेवले. कोलोरॅडोतला एक डोंगरी विमानतळ, मागल्या जानेवारीतली तारीख, १.९ तास. शेरा कोरा.

कॅप्टन त्या दिवशी एअरलाइनमधून निवृत्त झालेला गृहस्थ होता. तिथे ६५ व्या वर्षी थांबावेच लागते. चार्टरला सर्वसाधारणपणे ती मर्यादा नाही, म्हणून अशी अनुभवी माणसे तिकडे येतात. त्याचे तास हिच्या पंधरापट. उजेड जात चाललेला, बर्फाचा पडदा. गिऱ्हाईक पुढे येऊन म्हणाले की काल याच वेळेला दुसरे विमान उतरले होते. कॅप्टन खाली येत राहिला. धावपट्टीचे दिवे दिसले, पण वेळेत दिसले का, हे फक्त त्या दोघांना ठाऊक. वर चला, एवढे दोनच शब्द तिला म्हणायचे होते. ते म्हणायलाच तर प्रशिक्षणात शिकवतात. तिने म्हटले नाहीत. विमान व्यवस्थित उतरले, गिऱ्हाइकाने दोघांना शंभर शंभर डॉलर दिले.

"का गप्प राहिलीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, मोठ्यांना उलट बोलायचं नाही," ती म्हणाली. मग लगेच, "नाही, तसं नाही. तो सहज मिळालेला बहाणा झाला. मला त्याच्या डोळ्यांतून उतरायचं नव्हतं. आणि तास हवे होते." वादळातला नकार त्यानंतर पाच महिन्यांनी आला होता. पहिल्या दिवसावाचून दुसरा समजतच नव्हता, आणि मी नेमका पहिलाच नसलेली गोष्ट घोटून दिली होती.

तिचा प्रश्न होता: मुलाखतीत कोणती सांगू? दुसरी सांगितली तर नोकरी जाण्याचा संभव. घरावरच्या हप्त्यांचा हिशेब तिलाही ठाऊक होता. मला उत्तर देता येईना, कारण मला माझाच एक प्रसंग आठवत होता. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या प्रबंधाची मी बाह्य परीक्षक होते. प्रबंधातली दोन प्रकरणे दुसऱ्याची आहेत हे मला वाचतानाच कळले. मार्गदर्शकांचा फोन आला. मी त्यांना गुरुस्थानी मानत असे. मुलाची कायम नेमणूक अडली आहे, म्हणाले. मी सही केली. शेऱ्याच्या जागी 'समाधानकारक' असा शब्द लिहिला. कोणी मेले नाही. डोंगरही नव्हता. पण तो विद्यार्थी आज शिकवतो आहे, आणि त्याचेही विद्यार्थी असतील.

हे मी तिला सांगितले. आजवर कुणालाच सांगितले नव्हते. तिने ऐकून घेतले आणि काहीच शेरा मारला नाही, याचे मला बरे वाटले.

मुलाखतीत तिने दोन्ही प्रसंग सांगितले, घडले त्या क्रमाने. समोरचे दोघे बराच वेळ लिहीत राहिले, एवढेच ती म्हणाली. मी परतल्यावर तिची निवड झाल्याचा फोन आला. ती या गोष्टीमुळे झाली की गोष्ट असूनही झाली, ते ठाऊक नाही; कंपन्या कारणे कळवीत नाहीत. आता ती सात दिवस उडते आणि सात दिवस घरी असते. अंशमालकीत कायद्याने मालक स्वतःच्या उड्डाणाची जबाबदारी सही करून पत्करतो. तरीही विमानाबाबतचा अंतिम शब्द कॅप्टनचाच राहतो, आणि को-पायलटने आपली शंका त्याच्या कानी घालायचीच असते. भाऊजी अजून अधूनमधून एअरलाइनचे नाव काढतात. हप्ते वेळेवर जातात.

परवा तिचा फोन आला तेव्हा ती कुठल्याशा छोट्या विमानतळावरच्या विश्रांतिकक्षात होती. धुके होते. मालक थांबायला तयार झाला होता, फारसा खूश नव्हता. "आज शून्य," ती म्हणाली आणि हसली.

माझ्या टेबलावर सध्या एक प्रबंध आहे. वेगळे विद्यापीठ, वेगळे मार्गदर्शक. त्यांचा फोन येऊन गेला आहे. तिसरे प्रकरण वाचून झाले. शेऱ्याची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.