शाफ्ट रेषेत आला की

देगलूरच्या काळ्या रानात मृगाचा पाऊस झाला की मोटारसायकल डांबरी रस्त्यालाच लावून यावं लागतं. माती मडगार्डात भरते आणि चाक फिरेनासं होतं. त्याच वाटेनं आमची जुनी महिंद्राची एमएम 540 जीप फोर बाय फोर लावून, लो गिअरमध्ये सावकाश निघते. तिचं इंजिन धूर ओकू लागलं, ऑइल खाऊ लागलं, तेव्हा ती भंगारात घालायचं मनात आलं नाही. अंगणातच इंजिन बदलायला घेतलं.

मोठं इंजिन टाका, असा सल्ला सगळेच देतात. मला तो पटत नाही. या गाडीत प्यूजोचं एक्सडीपी 4.90 आहे: चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, 2112 सीसी. महिंद्रानं 1979 मध्ये प्यूजोशी करार केला आणि पुढे ही इंजिनं इगतपुरीला बनू लागली. गाडीचा गिअरबॉक्स, जॉइंट, एक्सल याच ताकदीच्या हिशोबानं बसवलेले आहेत. चिखलात रुतलेल्या चाकावर जादा जोर आला तर तो एक्सलच्या जिवावर उठतो. शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो. आरटीओची परवानगी आधी काढावी आणि त्याच जातीचं, कागद असलेलं इंजिन घ्यावं.

उतरवणं सोपं. बॅटरी, बोनेट, रेडिएटर, पाइप, वायरी, सायलेन्सर. गिअरबॉक्सखाली जॅक लावायचा, नाहीतर इंजिन सुटताच त्याचं तोंड खाली येतं. मग लोखंडी तिवई, चेन पुली, आणि इंजिन पुढं ओढत वर.

नवं इंजिन जुन्याशेजारी ठेवून फाउंडेशन, संप, फ्लायव्हील एकेक ताडून पाहावं. मागचं ऑइल सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग आत्ताच नवीन टाकावं. नंतर त्यासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं. प्लेट आवळताना एखाद्या जुन्या गिअरबॉक्सचा सुटा शाफ्ट आत घालून ती मध्यावर धरतात.

खरं काम त्यानंतरचं. इंजिन साखळीला लटकलेलं असतं, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दातांतून जाऊन थेट पायलट बेअरिंगमध्ये बसायला हवा. बोटभर फट राहते आणि तिथंच अडतं. अशा वेळी लांब बोल्ट घालून आवळत आणायचा मोह होतो. ते करू नये. बोल्टचं काम धरून ठेवण्याचं. ओढून आणायला लावलं की प्लेटची हब वाकते, नाहीतर हाउसिंगचा कान तुटतो. जॅक सुताभर वर, साखळी एक कडी खाली. गाडी गिअरमध्ये टाकून एकानं पुढून क्रँकची पुली पान्यानं हळू फिरवायची, दुसऱ्यानं इंजिन हलवत राहायचं. रेषा जुळली की इंजिन हाताच्या दाबानं आत जातं आणि दोन्ही तोंडं चारही बाजूंनी सारखी टेकतात. तोवर पाना उचलायचाच नाही. या कामात मी ताकदीपेक्षा नजरेला जास्त मान देतो, तो इथं.

पुढचं चालू करणं. ऑइल भरून, स्टॉपची केबल ओढून धरून सेल्फ मारावा. मीटरवर प्रेशर दिसल्यावरच डिझेल सोडावं. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंपानं एअर काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत. मग नोझलचे नट थोडे सैल. हीटर तापला की सेल्फ.

पहिल्या आठवड्यात गाडी शेताच्या वाटेवर थोडी थोडी चालवावी आणि फाउंडेशनचे बोल्ट, होजच्या क्लिपा पुन्हा आवळाव्यात. मग नव्या नंबराची नोंद करायला नांदेडला.