उसाचं खातं कोण उघडणार?

मी हुपरीची आहे असं कळलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "पैंजण स्वस्तात मिळतील का गं?" उसाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक आमच्या गावात चांदीइतकाच ऊसही आहे. एकीकडे घराघरांत चांदीची ठकठक, दुसरीकडे हुपरी-यळगूडचा जवाहर साखर कारखाना. आमच्या घरी बाबा चांदीत आणि आजोबा उसात.

गेल्या सेमिस्टरला बायोटेकच्या रूममेटबरोबर मी एक मिनी प्रोजेक्ट घेतला. विषय : वनस्पतींच्या प्रोटीनमधले बदल साठवणारे ऑनलाइन डेटाबेस. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे प्रोटीनला 'प्रथिन' म्हणतात हेच मला उशिरा कळलं, म्हणून विषय मी माझ्या पद्धतीने समजून घेतला. पैंजणाच्या पद्धतीने!

चांदीची साखळी तयार झाली म्हणजे पैंजण झालं असं नाही. त्याला घुंगरू लागतात, कडी लागते, कधी मीना भरतात. प्रथिनांचंही तसंच. साखळी तयार झाल्यावर पेशी तिच्यावर ठरावीक जागी छोटे रासायनिक तुकडे जोडते, गरज संपली की काढतेही. कुठला तुकडा, कुठल्या जागी आणि कधी, यावर प्रथिन काम करणार की गप्प बसणार हे ठरतं.

पालकाच्या पानातलं उदाहरण बघा. तिथे साखर बनवण्याच्या कामात सुक्रोज फॉस्फेट सिंथेज नावाचं प्रथिन असतं. त्याच्या साखळीतला १५८ वा मणी म्हणजे सेरीन. अंधार पडला की त्या मण्यावर फॉस्फेटचा तुकडा बसतो आणि प्रथिनाचं काम मंदावतं. उजाडलं की तुकडा निघतो, काम पुन्हा जोरात. एवढ्या मोठ्या साखळीत एका मण्यावरचं एक घुंगरू, पण साखरेचा वेग त्याच्या हातात!

आता हे घुंगरू दिसतं कसं? दिसत नाही, त्याचं वजन होतं. मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या काट्यावर प्रथिनाचे तुकडे तोलतात. एखादा तुकडा अपेक्षेपेक्षा ८० डाल्टनने जड भरला तर फॉस्फेटचा संशय घ्यायचा. (१ डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन.) पण गंमत पुढे आहे. एक अॅसिटिल गट जोडला तर वजन ४२.०११ ने वाढतं आणि तीन मिथिल गट जोडले तर ४२.०४७ ने. काटा ढोबळ असेल तर दोन्ही सारखेच वाटणार! हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसले, म्हणाले, "म्हणजे तिथंबी टंच बघितल्याशिवाय माल घेत न्हाईत."

अशा तोललेल्या नोंदींचं खातं म्हणजे हे डेटाबेस. जर्मनीत गोल्मच्या माक्स प्लांक संस्थेत 'फॉसफॅट' झाला, अमेरिकेत मिसुरी विद्यापीठातून २००९ मध्ये 'पीथ्रीडीबी' आला. बेल्जियममधल्या गेंटचा 'प्लांट पीटीएम व्ह्यूअर' २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात पाच वनस्पतींमधल्या सुमारे ३ लाख ७० हजार जागांची नोंद होती. प्रत्येक नोंदीत प्रथिन कोणतं, कितवा मणी, कोणता तुकडा आणि पुरावा कुठला, हे सगळं. आणि कुणालाही फुकट!

सुट्टीत हे मी आजोबांना मोठ्या उत्साहाने दाखवलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आन् आपल्या उसाचं काय गं त्यात?"

त्या पाचांत ऊस नव्हता. सगळ्यात जास्त नोंदी होत्या अरॅबिडोप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या तणाच्या. ते कुणी खात नाही, विकत नाही. पण ते लहान आहे, सहा-एक आठवड्यांत बी धरतं आणि त्याचा जीनोम २०००मध्येच वाचून झाला. उसाचं तसं नाही. त्याची गुणसूत्रं शंभरच्या वर, एकेका जनुकाच्या कितीतरी प्रती. आर ५७० या वाणाचा सविस्तर जीनोम प्रसिद्ध व्हायला २०२४ उजाडलं.

मग पालकाची नोंद उसाला लावायची का? कॉम्प्युटरवर दोन्ही साखळ्या शेजारी ठेवून तसलाच सेरीन तिथे आहे का, हे बघता येतं. पण तो फक्त अंदाज. मणी सापडला म्हणजे घुंगरू लावलंय असं होत नाही. त्यासाठी उसाचंच पान काट्यावर जायला हवं.

मित्रांनो, कॅम्पस प्लेसमेंटची तयारी मीही करते आहे, खोटं कशाला बोलू? पण आजोबांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्या पिकावर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरं चालतात, ज्याच्या फीवर आपल्यापैकी कितीजण इथे शिकतात, त्याचं खातं बेल्जियमवाले येऊन का भरतील? म्हणून फायनल इयरला मी हाच विषय घेणार आहे. अंदाजाचं काम माझं, काट्यावरचं काम बायोटेकच्या मंडळींचं. सर, मॅडम, गाइड म्हणून कोण तयार आहे? पानं आजोबा देणार आहेत, आणि तीही ताजी!