गवळ्यांचा कोठा

आजोळच्या घराला तीन पायऱ्या होत्या. वरच्या दोन घडीव दगडाच्या. खालची मात्र ओबडधोबड काळ्या शिळेची, कडा झिजून गोल झालेली. पावसाळ्यात वावरातून आलेला माणूस पायाचा चिखल तिच्यावर खरवडून मगच वर चढे. ती शिळा कुठून आली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. त्याविषयी बोलणे मात्र होत नसे.

नागपूरहून काटोलकडे जाताना आजूबाजूच्या माळांवर अशा शिळांची रिंगणे दिसतात. मोठ्या शिळा गोलाकार मांडलेल्या आणि मध्ये गोट्यांचा भराव, कासवाच्या पाठीसारखा किंचित फुगलेला. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळे नोंदलेली आहेत. आमच्या गावात त्यांना ‘गवळ्यांचा कोठा’ म्हणत. फार पूर्वी इथे गवळी राजे होते, त्यांची गुरे या रिंगणांत बसत, असे आबाजी सांगायचे.

असाच एक कोठा आबाजींच्या वावरात होता. १९५८ साली विहीर खणायला काढली तेव्हा त्यांनी तो मोडला. मोठ्या शिळा बैलांकडून ओढून विहिरीच्या थारोळ्याला लावल्या, एक घरी आली. गोटे रस्त्याच्या भरावात गेले. खाली खापऱ्या निघाल्या आणि गंजलेल्या लोखंडाचे दोन तुकडे. आजीने ते घरात येऊ दिले नाहीत. ‘मेल्या माणसाचं आहे ते,’ असे म्हणून तिने सारे नाल्यात टाकायला लावले. म्हणजे तो गुरांचा कोठा नव्हे, हे तिला त्याच दिवशी कळले होते.

मी तेरा-चौदा वर्षांचा असताना जवळच्याच माहुरझरीला नागपूर विद्यापीठाचे उत्खनन चालू होते. डॉ. शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली १९७० ते १९७२ या काळात ते झाले. एका थंडीत मामा मला सायकलवर पुढे बसवून ते पाहायला घेऊन गेला. खणणे म्हणजे कुदळ-फावडे, अशी माझी समजूत होती. इथे तर माणसे उकिडवी बसून कुंचल्याने माती झाडत होती. एखादा गोटा काढण्याआधी त्याची जागा कागदावर उतरवून घेत होती. आमच्या आबाजींनी दोन दिवसांत जे उरकले, त्याला यांना महिना लागणार होता.

तिथे काय काय सापडले, ते मी पुढे मोठेपणी वाचले. माणसांबरोबर पुरलेले घोडे, त्यांच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार, आडव्या पट्ट्यांनी दांडा आवळायच्या लोखंडी कुऱ्हाडी, आतून काळी आणि बाहेरून तांबडी भांडी, अकीकाचे मणी. हे लोक सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे. नायकुंडला तर त्यांची लोखंड गाळायची भट्टीही मिळाली. ते इथेच राहत, शेती करीत, गुरे पाळीत. या मातीतच त्यांचा संसार होता.

त्या दिवशी मात्र मला एवढेच समजले की हे थडगे आहे. खापऱ्या धूत बसलेल्या एका तरुणाने मामाला सहज विचारले, ‘तुमच्या वावरात आहे का असं काही?’

मामा म्हणाला, ‘नाही जी. आमच्या वावरात काही नाही.’

मी मामाकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. वावर सरकारजमा होईल, ही त्याची भीती. आणि तो खोटे तरी कुठे बोलला होता? आता खरोखरच तिथे काही उरले नव्हते. मीही गप्प राहिलो.

नोकरीमुळे पुढे मी हैदराबादचा झालो. सिकंदराबादजवळ हशमतपेठेला अशीच वर्तुळे आहेत, हे कळल्यावर पाहायला गेलो. चहूकडून घरे अंगावर आलेली आणि मध्ये तेच दगड. आपले माणूस परगावी भेटावे तसे झाले. तेलुगू मुलखात अशा जागांना ‘राकासी गुळ्ळू’ म्हणतात, म्हणजे राक्षसांची देवळे. कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेणकलच्या डोंगरावर दगडी फरशांच्या खोल्याच आहेत. त्या डोंगराला लोक मोऱ्यांचा डोंगर म्हणतात. शिवकालावर ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या मेडोज टेलरने शोरापूरला असताना जेवर्गीची थडगी खणली आणि कोणत्या थरात काय निघाले त्याची उत्तम चित्रे काढून ठेवली. पण बांधणारे शक असावेत की ड्रुइड, या विचारात तोही पडलाच. गवळी, राक्षस, मोरे, शक! ज्याने त्याने ही थडगी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घातली. आपल्या मातीतली माणसे म्हणून कुणी जवळ केली नाहीत. ती आपल्या रक्ताची होती असे मी म्हणत नाही. पण परक्याचा दगड उपसायला हात कचरत नाही, हे मी आमच्याच घरी पाहिले आहे.

उत्खनन म्हणजेही अखेर मोडणेच. एकदा खणलेले थडगे पुन्हा खणता येत नाही. पण ती माणसे मोडताना लिहून ठेवतात. १८६७ साली रिव्हेट-कार्नॅकने जुनापाणीला जे खणले, त्याचा विचार आजही करता येतो तो त्याच्या नोंदींमुळेच. आम्ही मोडले आणि लिहिले नाही.

आता आबाजी नाहीत, मामाही नाही. वावर विकले गेले, थारोळे बुजले. तेव्हा त्या तरुणाला जे सांगायचे राहिले, ते इथे लिहितो. आमच्या वावरात एक रिंगण होते. विहिरीच्या उत्तरेला, चिंचेपासून हाकेच्या अंतरावर. आबाजींच्या पावलांनी आडवे वीस पावले. शिळा काळ्या, मोजून सव्वीस. आत काळ्या-तांबड्या खापऱ्या आणि लोखंडाचे दोन तुकडे. त्यांतला एक वीतभर लांब, टोकाशी चपटा. हाडे निघाली की नाही, हे आजीने कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.