मापात पाप नको

मदरशात किंवा घरी दादीजवळ बसून ज्यांनी लहानपणी 'ईमान-ए-मुफस्सल' पाठ केले आहे, त्यांना त्यातला क्रम आठवत असेल. अल्लाहवर, त्याच्या फरिश्त्यांवर, त्याच्या ग्रंथांवर, त्याच्या प्रेषितांवर... यात 'ग्रंथ' हा शब्द अनेकवचनी आहे. तौरात, जबूर आणि इंजील अल्लाहने उतरवल्या, हे मानल्याशिवाय आपले ईमान पुरे होत नाही. पण पाठ करून उठलेल्या मुलाने "मग आपण इंजील का वाचत नाही?" असे विचारले, की आपल्या घरांत एकच ठरलेले उत्तर मिळते : "वो तो बदल दी गई." विषय तिथेच संपतो.

हे उत्तर पूर्वी घरातल्या घरात राहायचे. आता ते मोबाइलवरून फिरते. 'बायबलमध्ये हजारो चुका', 'पाद्री निरुत्तर' अशा मथळ्यांचे व्हिडिओ आपल्या गटांत रोज येतात, खाली 'माशाअल्लाह'ची रांग लागते. ते पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी मराठी बायबल एकदा तरी उघडले असेल, हा वेगळा प्रश्न. मी अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. आमच्याकडे ख्रिस्ती शेजार नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे 1831 पासून सुरू झाले, रेव्हरंड ना. वा. टिळक इथेच राहिले. ईदचा शीरखुर्मा आणि नाताळच्या करंज्या एकाच भिंतीवरून इकडे-तिकडे जातात. त्यामुळे हे व्हिडिओ माझ्यासाठी लांबच्या कुणाविषयी नसतात.

माझा शाळेपासूनचा एक मित्र ख्रिस्ती आहे. त्याचा मुलगा पुण्यात शिकतो. सुट्टीत घरी आल्यावर त्याने वडिलांना विचारले, मार्कच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायाच्या नवव्या वचनापासून पुढचा मजकूर मूळचा नाही म्हणतात, ते खरे का? मित्राला उत्तर देता आले नाही. पाळकांकडे जायला त्याला संकोच वाटला. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "तुमच्या लोकांकडे याची पुष्कळ पुस्तकं असतात. तू वाचतोस. मला जिंकायचं नाही, हरायचंही नाही. खरं काय ते सांग."

असा प्रश्न घेऊन कुणी आपल्या दारात येतो, तेव्हा ती अमानत असते. मी त्याला जे सांगितले ते असे.

हो, ते खरे आहे. बायबलच्या सर्वांत जुन्या संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण ग्रीक प्रतींपैकी दोन चौथ्या शतकातल्या आहेत, कोडेक्स सायनाइटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस. दोन्हींत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबते. स्त्रिया भीतीने कबरीपासून पळून जातात, तिथे मजकूर संपतो. पुढची बारा वचने त्यांत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराच्या आरोपाखाली पकडून आणलेल्या स्त्रीची प्रसिद्ध गोष्ट आहे. तीही या जुन्या प्रतींत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायात त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख करणारा एक मजकूर होता. इरॅस्मसने 1516 साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा तो घेतला नव्हता, कारण त्याला तो ग्रीक प्रतींत सापडला नव्हता. टीका झाल्यावर 1522 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने तो घातला. आजच्या बहुतेक आवृत्त्यांनी तो काढला आहे किंवा तळटीपेत टाकला आहे.

व्हिडिओवाले इथे थांबतात. पण गोष्ट इथे अर्धीच झालेली असते.

पहिली बाब म्हणजे, हे सगळे कुणा शत्रूने शोधलेले नाही. ख्रिस्ती विद्वानांनीच प्रत्येक प्रत हातात घेऊन, ओळ न् ओळ ताडून, पाठभेदांच्या याद्या छापल्या. अनेक आधुनिक आवृत्त्यांत कंस किंवा टीप घालून वाचकाला ते सांगितलेलेही असते. दुसरी बाब आकड्यांची. नव्या कराराच्या पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखिते उपलब्ध आहेत आणि त्यांतले पाठभेद लाखांत मोजले जातात. ऐकून धक्का बसतो. पण त्यांतले बहुसंख्य शुद्धलेखनाचे, शब्दक्रमाचे, लेखनिकाच्या डुलकीचे आहेत. प्रती जितक्या जास्त, तितके फरकही जास्त मोजले जाणार.

तिसरी बाब जुन्या कराराची. 1947 पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत जुनी हस्तलिखिते सापडू लागली. त्यात यशयाच्या ग्रंथाची एक पूर्ण गुंडाळी आहे. तोवर हाताशी असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. ताडून पाहिले तर लहान फरक पुष्कळ निघाले, पण ग्रंथ तोच होता. त्याच गुहांनी दुसरी बाजूही दाखवली. यिर्मयाच्या ग्रंथाची ग्रीक आवृत्ती हिब्रू आवृत्तीपेक्षा जवळपास एक अष्टमांशाने लहान आहे. तशाच लहान रूपाला जुळणारे हिब्रू तुकडे कुमरानला मिळाले. म्हणजे त्या काळी एकाच ग्रंथाची दोन रूपे चालू होती. 'अक्षरही बदलले नाही' म्हणणाऱ्यालाही हे अडचणीचे आहे आणि 'सगळे बदलून टाकले' म्हणणाऱ्यालाही.

मी मित्राला आपल्या हदीसशास्त्राचे उदाहरण दिले. आपल्याकडे एखादी रिवायत खरी की खोटी, एवढ्यावर काम भागत नाही. सहीह, हसन, जईफ, मौजू अशा पायऱ्या आहेत. जईफ म्हणजे खोटी नव्हे, तिचा पुरावा दुबळा आहे इतकेच. योहानातल्या त्या स्त्रीच्या गोष्टीबद्दलही अनेक विद्वान असेच म्हणतात. त्या जागी ती नंतर आली, पण गोष्ट स्वतः जुनी असू शकते. तुझ्या मुलाला सांग, शंका घेणे गुन्हा नाही. पण शंका नेमकी असू दे. कोणते वचन, कोणती प्रत, कोणत्या काळातली, हे विचारत जा. एका कंसावरून सगळा ग्रंथ फेकून देऊ नको आणि ग्रंथ वाचवायचा म्हणून कंस लपवूही नको.

मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "आणि तुमच्या कुराणाविषयी कुणी असंच विचारलं तर?"

माझ्या मते या सगळ्या विषयाची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे. मी त्याला तेही सांगितले. तिसरे खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडून अधिकृत प्रती तयार करून घेतल्या, त्या निरनिराळ्या शहरांना पाठवल्या आणि बाकीचे लिखाण जाळायला सांगितले. हे कुणी पाश्चात्त्य टीकाकार सांगत नाही, सहीह बुखारीत आहे. आपल्या परंपरेत मान्य अशा दहा किराअती आहेत. भारतात आपण हफ्सची रिवायत वाचतो, मोरोक्कोत वर्शची. सूरह फातिहात आपण 'मालिक' म्हणतो, ते 'मलिक' म्हणतात. 1972 साली येमेनमध्ये सनआच्या जामा मशिदीत जुनी चर्मपत्रे सापडली. त्यांतल्या एका प्रतीत पुसून टाकलेल्या खालच्या मजकुरात शब्दांचे आणि सूरहच्या क्रमाचे काही फरक आहेत. दुसरीकडे, बर्मिंगहॅमच्या दोन पानांच्या चर्मपत्राचा काळ रेडिओकार्बन चाचणीने इसवी सन 568 ते 645 या दरम्यानचा निघाला. हे 2015 साली जाहीर झाले आणि त्यावरचा मजकूर आपल्या घरातल्या कुरआनशी जुळतो. कुरआन पाठ करणाऱ्यांची साखळी पहिल्या दिवसापासून आजतागायत तुटलेली नाही. मला या पुराव्याने समाधान आहे. पण ते मी सनआचे पान झाकून मिळवत नाही.

झाकण्यावरून एक प्रसंग आठवतो. तोही बुखारीत आहे. मदीन्यात एका खटल्याच्या वेळी तौरात आणली गेली. वाचणाऱ्याने एका वचनावर हात ठेवला आणि मागचे-पुढचे वाचले. हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) म्हणाले, हात उचल. हात उचलला, तर वचन तिथेच होते. 'तहरीफ' म्हणजे ग्रंथात फेरफार. तो नेमका कसला, यावर आपल्या उलेमांत जुना वाद आहे. कॉर्डोबाच्या इब्न हज्म यांचे म्हणणे, शब्दच बदलले. इतर अनेकांचे म्हणणे, मुख्यतः अर्थ फिरवला, वचने लपवली. हिंदुस्थानात सर सय्यद अहमद खान यांनी 1862 मध्ये बायबलवर भाष्य छापायला घेतले. त्यांचा कल दुसऱ्या मताकडे होता. "बदल दी गई" हे तीन शब्दांत मिटणारे प्रकरण आपल्या पूर्वजांनाही वाटले नव्हते.

आग्र्याचा 1854 चा मुनाजरा आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि डॉ. वजीर खान एका बाजूला, जर्मन मिशनरी फांडर दुसऱ्या बाजूला. युरोपातच लिहिलेली बायबल-समीक्षेची पुस्तके डॉ. वजीर खान यांच्या अभ्यासात होती आणि फांडर यांना पाठभेद आहेत हे मान्य करावे लागले. पुढे 1857 नंतर मौलानांना देश सोडावा लागला. त्यानंतर त्यांनी 'इजहारुल हक' लिहिले. अनेक वर्षांनी गुजरातेतून दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या अहमद दीदात यांनी तेच पुस्तक वाचून वादविवादाची वाट धरली. मौलानांचा काळ लक्षात घ्यायला हवा. सत्ता मिशनऱ्यांच्या धर्माची होती आणि कुरआनवर रोज हल्ला होत होता. ती बचावाची लढाई होती. आज आमच्या नगरातला ख्रिस्ती शेजारी सत्ताधारी नाही. तोही आपल्यासारखाच अल्पसंख्य आहे आणि आपल्या प्रार्थनेची काळजी घेऊन राहतो. त्याच्यावर आग्र्याचे हत्यार उगारण्यात कसली मर्दुमकी?

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. पाठभेदांनी आपला मूळ मतभेद सुटत नाही. हजरत ईसा (अलै.) यांना सुळावर मारले गेले नाही, असे कुरआन सांगते. चारही शुभवर्तमाने सांगतात की मारले गेले. जो प्रसंग ती सांगतात, तोच वगळलेली शुभवर्तमानाची एखादी जुनी प्रत कुठे सापडली आहे, असे नाही. मार्कचा शेवट काढला, योहानाची ती गोष्ट काढली, त्रैक्याचा तो मजकूर काढला, तरी क्रूस तिथेच राहतो. मी क्रूसाचा प्रसंग मानत नाही, तो कुरआनवर माझे ईमान आहे म्हणून. कुरआन आधीच्या ग्रंथांना पुष्टी देणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा आहे, असे सूरह माइदात सांगितले आहे, म्हणून. हे मी मित्राला सरळ सांगू शकतो. हस्तलिखितांनी ते सिद्ध केले, असे मात्र सांगू शकत नाही, कारण ते खरे नाही. शिवाय 'इंजील' म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे हजरत ईसांवर उतरलेला संदेश. ख्रिस्ती लोक मात्र मत्तय, मार्क, लूक, योहान यांनी लिहिलेला येशूचा वृत्तांत वाचतात आणि तो माणसांनी लिहिला हे लपवत नाहीत. दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने तोलल्या, की भांडण होणारच.

कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' नावाची एक सूरह आहे. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी देणारे, त्यांच्या नाशाची ती वार्ता देते. आपले उलेमा सांगतात की ही ताकीद फक्त किराणा दुकानाच्या तराजूपुरती नाही. बायबलच्या प्रत्येक पाठभेदाला 'चूक' म्हणायचे आणि कुरआनच्या किराअतींना 'सौंदर्य'. त्यांच्या विद्वानाची कबुली म्हणजे पराभव आणि आपल्या विद्वानाची कबुली म्हणजे प्रामाणिकपणा. हे मापातले पापच आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ग्रंथधारकांच्या कथनाविषयी ना होकार द्या ना नकार, असे शिकवले. अबू दाऊदच्या एका रिवायतीत तर त्यांनी तौरात आणली गेल्यावर स्वतःच्या खालची उशी काढून तिच्यावर ती ठेवल्याचे येते.

मित्राचा मुलगा पुढे काय ठरवेल, हे मला माहीत नाही. ते माझ्या हातातही नाही. तो परवा आला होता. दोन पुस्तके घेऊन गेला, एक बायबलच्या हस्तलिखितांवरचे, दुसरे उलूमुल कुरआनवरचे. जाताना म्हणाला, "चाचा, दोन्ही वाचून येतो, मग बसू." मी म्हटले, ये. येताना अब्बांचे बायबलही घेऊन ये, कंस आपण मिळून बघू.

वल्लाहु आलम.